रुमेंका झऱ्याशी का थांबते

रुमेंका आधी गाय होती, मग गाडी झाली.

यात जादूबिदू काही नाही. स्तोयाचा नवरा मिलुन वारला आणि डोंगरावरच्या गोर्नी ब्रेस्त गावातल्या त्या घरात सासू आणि सून अशा दोघीच उरल्या. तेव्हा स्तोयानं गोठ्यातली तांबूस गाय विकली आणि त्या पैशात एक तांबडी, ठेंगणी, आधीच म्हातारी झालेली गाडी आणली. सासू लेपोसावा पायरीवर बसली होती. तिनं गाडीकडे पाहिलं, मग रिकाम्या दावणीकडे पाहिलं आणि विचारलं, "दूऽऽध किती देते?"

लेपोसावाचं बोलणंच असं. शब्दातला एखादा स्वर पकडायचा आणि लोकरीच्या धाग्यासारखा ओढत ओढत न्यायचा, समोरच्याचा जीव मेटाकुटीला येईपर्यंत.

"दूध नाही देत, आई. पण दूध बाजारात नेते."

"मग नाऽऽव तेच ठेव. दावं रिकामं नको."

अशी गाडीची रुमेंका झाली.

मिलुन असताना त्याच्या जुन्या खटाऱ्याशी स्तोयाचा संबंध ढकलण्यापुरता. पन्नाशी उलटल्यावर ती चालवायला शिकली, तीही गुरं हाकल्यासारखी. गियर टाकताना "अस्सं, माझी बाई", ब्रेक दाबताना "होऽ होऽ होऽ". लायसनच्या परीक्षेत गाडी मागं घेताना ती "सर मागं, सर, ढोल कुठली" असं म्हणाली, तेव्हा शेजारी बसलेला परीक्षक दचकून म्हणाला, "बाई, हे कुणाला?" स्तोया म्हणाली, "तुम्हाला नाही हो, साहेब." त्यानं पास केलं. पुन्हा हिच्या शेजारी बसायची वेळ येऊ नये म्हणून केलं, असं गावात सगळे सांगतात, स्तोया सोडून.

त्या दिवसापासून ती बाजारच्या दिवशी खाली इवान्यित्साला जायची. डिकीत चीजची मडकी, काइमाकचे म्हणजे खारवलेल्या सायीचे डबे, आणि मागच्या सीटवर अख्खं गाव. कुणाचा गुडघा दवाखान्यात न्यायचा, कुणाची दाढ, कुणाची पेन्शन. एकदा तर एक मेंढा शेजारच्या सीटवर बसून, खिडकीतून तोंड काढून, जावयासारखा ऐटीत गेला होता. वरच्या गावात ट्रॅक्टर होते, पण दार लावता येईल असं वाहन एकच, आणि ते स्तोयाचं.

मे महिन्यात या रुमेंकाला नवं दुखणं लागलं. ती गरम व्हायची. रोज नाही, हेच तर दुखणं. आज दोन माणसं आणि चार पोती घेऊन गाणं म्हणत चढायची, आणि उद्या एकट्या स्तोयाला घेऊन अर्ध्या घाटात तापमानाचा काटा तांबड्यात. मग झऱ्याजवळच्या वळणावर खुस्स्, भस्स्, आणि बॉनेटखालून पांढरा लोट. स्तोया झटकन किल्ली फिरवायची, उतरायची आणि वाट पाहायची.

झऱ्यावर दगडी कट्टा आहे, आणि कट्ट्यावर कामधंदा नसलेली चार डोकी कायमची आहेत. त्यांना तर करमणूकच मिळाली.

"स्तोया, कॉफी टाक! पाणी उकळलंय!"

"माझ्यात साखर कमी!"

"टाकते," स्तोया म्हणायची, "आधी तुमचं डोकं बुडवून बघते, गोड होतंय का."

वाफेला एक वास असायचा. ओळखीचा, सणाच्या सकाळचा, देवळात शिरताना येतो तसा. पण झऱ्याच्या कडेला रानपुदिना माजलेला, त्याचाच असेल म्हणून स्तोयानं तो डोक्यातून काढून टाकला. गाडी निवायची, पाणी घालायचं, आणि रुमेंका जणू काही झालंच नाही अशा साळसूद चेहऱ्यानं घरी यायची.

खाली इवान्यित्सात तिहोमिर मेकॅनिकचं गॅरेज. याला सगळे उस्ताद म्हणतात, आणि उस्ताद दर वाक्याला एकच टेकू लावतो. "साधी गोष्ट आहे," तो म्हणाला, "थर्मोस्टॅट." थर्मोस्टॅट बदलला. पुढच्या आठवड्यात झऱ्यावर भस्स्. "साधी गोष्ट आहे, रेडिएटरचं टोपण दाब धरत नाही." टोपण बदललं. भस्स्. "साधी गोष्ट आहे, पंखा उशिरा लागतो." पंख्याचं बटण बदललं, वरून पाण्याची नळी लावून रेडिएटर धुतला, पट्टा ताणला. मग त्यानं गाडी अंगणात सुरू करून ठेवली आणि तिच्यासमोर स्टूल टाकून बसला. जेवण झालं, कॉफी झाली, शेजाऱ्याशी भांडण झालं. काटा मध्यावर, हलायला तयार नाही.

"स्तोया, गाडीला काही झालेलं नाही. तापतेस ती तू."

"उस्ताद, ती तुमच्यासमोर लाजते. परक्या पुरुषासमोर अंगात आलं तरी दाखवायचं नाही, अशी वळणाची आहे."

हसण्यावारी नेलं तरी स्तोयाला एक धास्ती होती, आणि त्या धास्तीचं नाव होतं ल्युबिशा.

ल्युबिशा तिचा एकुलता एक मुलगा. तो ऑस्ट्रियात, लिंझला, लिफ्ट दुरुस्त करतो. मुलगा चांगला आहे, पण बोलायला लागला की दर वाक्य "आमच्याकडे लिंझला"पासून सुरू. आमच्याकडे लिंझला दवाखाना खालच्या मजल्यावर. आमच्याकडे लिंझला बर्फ पडायच्या आत उचलतात. जूनमध्ये त्यानं फोन केला तेव्हा आई नेमकी झऱ्यावर, वाफेत, कट्ट्यावरचे चौघं मागून ओरडत असलेले. त्यानं सगळं ऐकलं, आणि त्याचा आवाज चिरकला.

"आई, बस झालं. हिवाळ्यात अशी अडकलीस तर? वर आजी एकटी, खाली तू एकटी. मी ऑगस्टमध्ये प्रेओब्राझेन्येच्या सणाला येतोय. बसस्टँडवरून घरापर्यंत मला न थांबता नेऊन दाखव. नेलंस, तर मी तोंड उघडणार नाही. थांबलीस, तर गाडी भंगारात आणि तुम्ही दोघी माझ्याबरोबर लिंझला."

स्तोया रागात होती. म्हणाली, "दिला शब्द." आणि गोर्नी ब्रेस्तमध्ये दिलेला शब्द परत घ्यायची पद्धत नाही.

लिंझला ती एकदा जाऊन आली होती. सगळं स्वच्छ होतं. गॅलरीत खुर्ची होती. तिथं बसून खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांकडे ती बघत राहिली, आणि हाक मारावी असं एकही माणूस गेलं नाही.

लेपोसावाचं म्हणणं थोडक्यात होतं. "लिफ्टमध्ये आऽऽरसा असतो म्हणे. माझं थोबाड मी रोज बघू? नको गं बाई."

*

ल्युबिशाची बस येण्याच्या आदल्या दिवशी स्तोया गॅरेजच्या दारात जाऊन उभी राहिली.

"उस्ताद, अंगणात नाही. आज माझ्याबरोबर घाट चढा. वर कोकरू भाजते."

"कोकरू असेल तर साधी गोष्ट आहे," म्हणत तिहोमिरनं हात पुसले.

मागच्या सीटवर लेपोसावा होती. डोळ्यांचे थेंब आणायला म्हणून ती खाली आली होती. काळा रुमाल, काळा स्वेटर, मांडीवर पिशवी. इवान्यित्सा मागं पडलं, चढ लागला, तसा तिहोमिरनं हात पुढे करून गाडीतला हीटर पूर्ण सोडला.

"ऑगस्ट आहे, उस्ताद!"

"इंजिनाची गरमी आत घ्यायची. तेवढाच त्याला आराम. काचा खाली कर."

स्तोयानं तिची काच खाली केली, तिहोमिरनं त्याची. मागून आवाज आला, "वाऽऽरा!"

"आजी, आत भट्टी झालीय!"

"भट्टीनं कुणी मेलंय? दोन्हीकडून आरपार वारा लागला की मान धरते, कान धरतो, मग किडनी. आमचा दोब्रिवोये तसाच गेला."

"दोब्रिवोये मामा ट्रॅक्टरखाली गेले, आई."

"त्याच्या आदल्या दिवशी काच उघडी होती."

काचा वर गेल्या. तिहोमिरच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचे थेंब टपटप पडू लागले. मागे लेपोसावा कधी नव्हे ती खूश. "आज पहिल्यांदा ही गाऽऽडी घरासारखी वाटतेय," ती म्हणाली.

लाकडी पूल गेला. पडकी गिरणी गेली. काटा मध्यावर. तिहोमिर "बघ, म्हटलं नव्हतं..." म्हणायला लागला आणि काटा उठला. घड्याळाचा सेकंदकाटा फिरावा तसा डोळ्यांदेखत चढत गेला. झऱ्याचं वळण आलं. स्तोयानं गाडी कडेला घेतली आणि तिचा हात सवयीनं किल्लीवर गेला.

"हात काढ!" तिहोमिर ओरडला. "बंद करू नकोस! मी सांगेपर्यंत चालू ठेव!"

"उकळतेय ती!"

"अर्धं मिनिट उकळू दे!"

त्यानं खाली उडी मारली आणि बॉनेट वर केलं. टोपणाला हात लावला नाही, ते गरम असताना उघडणाऱ्याचं तोंड भाजतं. वरच्या पाइपवर बोट टेकवलं, "आईऽ गं!" म्हणून चोखलं. मग खाली वाकून, जिथून निवलेलं पाणी रेडिएटरमधून परत इंजिनात जातं, तो खालचा जाड पाइप चाचपला. आणि तसाच वाकून राहिला.

"स्तोया, थोडा एक्सिलेटर दे... अजून... सोड. बंद कर."

घुर्रर्र, घर्र, घप्. शांतता. मग त्या शांततेत बॉनेटखालून हलकासा फुस्स् असा आवाज, झोपेत कुणी उसासा टाकावा तसा.

"अरेच्चा," तिहोमिर म्हणाला. त्याच्या तोंडून "साधी गोष्ट आहे" आलं नाही, हे कट्ट्यावरच्या चौघांच्याही लक्षात आलं. ते उठून जवळ आले.

"काय झालं, उस्ताद?"

"वरचा पाइप निखारा, खालचा जेमतेम कोमट. आणि चपटा. कागदी पिशवीतली हवा ओढून घेतली की ती कशी बसते, तसा. इंजिन बंद केलं आणि तो फुगून पुन्हा गोल." त्यानं कपाळ पुसलं. "आत काहीतरी आहे. चढावर पंप जोरात पाणी ओढतो, तेव्हा ते जाऊन बरोबर तोंडावर बसतं. बुचासारखं. गाडी तापते. आणि आपण काय करतो? घाबरून बंद करतो. ओढ थांबली की बूच सुटतं, बाजूला तरंगत बसतं, आणि आपण उघडून बघतो तेव्हा सगळं ठीक. चोराला पळायला दर वेळी आपणच दार उघडून दिलंय."

"अंगणात का नाही मग?"

"अंगणात ती उभी. तिथं कुठली एवढी ओढ?"

"आणि हे आत आलं कुठून?"

"ते त्यालाच विचारू. निवू दे."

मागच्या सीटवरून आवाज आला. या वेळी स्वर लांबला नव्हता. "घरी जाऊन बघा ना. लोकांसमोर कशाला?"

स्तोयानं वळून पाहिलं. लेपोसावा पिशवीचं बक्कल उघडत होती, लावत होती.

गाडी निवली. कट्ट्यावरच्या एकानं घरून घमेलं आणलं. तिहोमिर पाठीवर झोपून गाडीखाली सरकला, खालचा पाइप सोडवला, पाणी धो धो घमेल्यात आलं. मग थांबलं. मग ठिबकलं. त्यानं तारेचा आकडा करून आत घातला, फिरवला, शिव्या दिल्या, पुन्हा फिरवला, आणि ओढलं.

आधी एक लाल धागा आला. त्याच्यामागून बोटभर जाडीची काड्यांची जुडी, काळी पडलेली, पानांचा चोथा चिकटलेली, कमरेला तोच लाल धागा बांधलेली. आणि वास. रानपुदिन्याचा नाही. तुळशीचा. पाद्रीबाबा तीर्थ शिंपडतात त्या तुळशीचा. तो आला तसा घमेलं धरलेल्या म्हाताऱ्यानं, काय करतोय ते कळायच्या आत, डोक्यावरची टोपी काढली. बाकीच्या तिघांनीही काढली.

"आई," स्तोया म्हणाली.

"काऽऽय?"

"ही तुळस रुमेंकाच्या पोटात कशी गेली?"

लेपोसावा गाडीतून उतरली. रुमाल सारखा केला. हनुवटी वर.

"कशी म्हणजे? मे महिन्यात जुर्जेवदानच्या सणाला गुरांना कोण पाजतं तीर्थ? मी. तुळशीची जुडी कोण खायला घालतं? मी. रुमेंका गाय होती तेव्हा एक वर्ष चुकवलं नाही. कधी आजारी पडली ती? पडली? मग आता गाडी झाली म्हणून सणाच्या दिवशी तिलाच उपाशी ठेवू? जिथून तू तिला पाणी पाजतेस, तिथूनच पाजलं. जुडी जरा ढकलावी लागली."

"आई, गाय चावून खाते! ही चावणार कशी?"

"मला काय ठाऊक? एवढा कडकड आवाज करते. मला वाटलं, चावतच असेल."

कट्ट्यावरचे चौघं एकदम फुटले. तिहोमिर अजून गाडीखालीच होता. तिथून फक्त त्याचे बूट हसताना दिसत होते. स्तोयाही हसणार होती, पण लेपोसावा हसत नव्हती.

"मला सांगायचं तरी, आई."

"तू हसली असतीस. हे बघ, हसतायत." लेपोसावानं पिशवीचं बक्कल पुन्हा लावलं. "तू सकाळी निघतेस. मी पायरीवर बसते. वेशीवरच्या अक्रोडापर्यंत गाडीचा आवाज येतो, पुढे येत नाही. मिलुनच्या गाडीचाही तिथपर्यंतच यायचा. पुढे मी काय करू? जे येतं ते केलं."

हसणं आपोआप बसलं. स्तोयानं ओल्या हातानं सासूच्या रुमालाची गाठ नीट केली. ती सैल झालेली नव्हती.

"फेकू नका रे ती जुडी," लेपोसावा म्हणाली. "पाय पडेल तिथं टाकायची नाही." आणि हातरुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

पाइप बसला, झऱ्याचं पाणी भरलं, आणि रुमेंका वर चढली. काटा मध्यावर. कोकरू झकास झालं होतं. पण हाडं चोखताना तिहोमिर म्हणाला, "एकदा चढली म्हणजे बरी झाली असं नाही, स्तोया. हिची खोडच कधीमधीची होती. पानांचा चुरा आतल्या बारीक नळ्यांत बसला असेल. उद्या सकाळी बस यायच्या आत खाली ये. रेडिएटर काढून उलटा धुतो, पाइप नवा घालतो. तरी शपथ घेणार नाही."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ल्युबिशा बसमधून उतरला, आईला उचलून गोल फिरवलं आणि मग समोरच्या पंपावर जाऊन पाण्याचे दोन मोठे कॅन भरून आणले. एक पायाशी ठेवला, एक मांडीवर.

"मूल आहे का ते?" स्तोयानं विचारलं.

"आमच्याकडे लिंझला गाडी गरम झाली की एक नंबर फिरवतात, माणूस येतो."

"आमच्याकडेही फिरवतात. तुझाच असतो."

चढ लागला. ल्युबिशाला रस्ता दिसत नव्हता, झाडं दिसत नव्हती. तो काट्याकडे बघत होता. स्तोया काट्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती, त्यामुळे तिलाही दुसरं काही दिसत नव्हतं. "अस्सं, माझी बाई," ती पुटपुटली. पूल गेला. गिरणी गेली.

वळणाच्या अलीकडे काटा मध्यापासून हलला. एक केस. मग अजून एक.

ल्युबिशानं कॅनच्या झाकणावर हात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. स्तोयाचा पाय आपसूक सैल झाला. थांबायची जागा समोरच होती, रोजची. तिनं पाय पुन्हा घट्ट दाबला.

पुढून घुंऽऽऽ असा आवाज आला. ल्युबिशा दचकला. "हे काय?"

"पंखा. थंडी वाजली तर सांग."

काटा एक केस खाली आला. मग मध्यावर. झऱ्यावरचे चौघं उभेच होते, बातमी त्यांच्याशिवाय कुणाकडे असणार. "स्तोया! कॉफी!"

"आज नाही!" ती ओरडली, हॉर्न दाबला, आणि तिथून पुढे घरापर्यंत तो सोडायचं विसरली.

लेपोसावा पायरीवर बसली होती. अंगणात गाडी थांबली तशी म्हणाली, "एवढी बोंऽऽब कशाला? अक्रोडाच्या पलीकडून ऐकू आली."

"म्हणूनच, आई."

ल्युबिशा कॅन घेऊन उतरला. बॉनेटवर तळहात ठेवून पाहिला, डॉक्टर कपाळावर ठेवतात तसा. "आमच्याकडे लिंझला..." त्यानं सुरुवात केली. स्तोयानं नुसतं पाहिलं. त्यानं तोंड मिटलं. शब्द त्यानंही दिला होता.

मग दोन्ही कॅनचं काय करावं त्याला कळेना. कुंपणाशी आजीच्या तुळशीचा वाफा होता, उन्हानं माना टाकलेला, आणि त्याच्या कोपऱ्यात काल रात्री काहीतरी पुरल्यासारखी माती उकरलेली. त्यानं झाकण काढलं आणि पाणी मुळांशी ओतायला लागला.

"सावकाश, पानांवर नको," स्तोया म्हणाली. "आणि उद्या लवकर ऊठ. बटाटे काढायचेत, परवा बाजार आहे. पोती तू उचल, गाडी मी चालवते."

लेपोसावा नातवाकडे, मग वाफ्याकडे, मग गाडीकडे बघत राहिली.

"सूनबाई, पुढच्या जुर्जेवदानला रुमेंकाला काऽऽय देऊ मग?"

"वरून हात फिरवा, आई," स्तोया म्हणाली. "नुसता हात."